घरी काहीतरी राहिलंय

थोर संगीत माणसाला घरादारापासून, संसारापासून, प्रसंगी स्वतःपासूनही दूर घेऊन जातं, असं थोर लोक सांगत आले आहेत. टिंगटाँगच्या संगीतानं माणसं थेट घरी गेली. तीही मध्यंतराच्या आधी, आणि त्यातला एकजण तर खुर्चीखाली काढून ठेवलेल्या चपला तिथेच सोडून.

टिंगटाँग हे नाव त्याला मेव्हण्यानं ठेवलं होतं, आणि मेव्हण्यांनी ठेवलेली नावं आईबापांनी ठेवलेल्या नावांपेक्षा जास्त टिकतात. पन्नाशी ओलांडलेल्या या गृहस्थानं संगीताचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. तरुणपणी वाद्यवृंदासाठी दोन भव्य रचना अर्ध्यावर सोडल्या होत्या, आणि त्यानंतरचं सगळं आयुष्य यंत्रांना आवाज देण्यात घालवलं होतं. लिफ्ट मजल्यावर थांबली की जे वाजतं, कपडे धुऊन झाले की मशीन जे गुणगुणतं, एटीएममध्ये कार्ड विसरलात तर जे मागून टोचतं, त्यातलं बरंचसं त्याचं होतं. कंपन्या एकदम तीस-चाळीस नमुने मागवत, त्यातला एखादा उचलत आणि कुठला उचलला हे कळवण्याची तसदी घेत नसत. तोही विचारत नसे. उपटलेल्या दाताचं पुढे काय झालं हे कुणी विचारतं का, असं त्याची बायको म्हणे. ती दंतवैद्य होती.

लोक दिवसातून दहादा त्याचं संगीत ऐकत आणि ऐकलं रे ऐकलं की उठून बटण दाबून ते बंद करत. इतका तत्पर श्रोता भल्याभल्यांच्या नशिबी नसतो. पण टिंगटाँगला त्याचं सुख नव्हतं. आयुष्यात एकदा तरी अंधाऱ्या सभागृहात मोठ्या पडद्यावर 'संगीत' हा शब्द यावा, त्याच्याखाली पांढऱ्या अक्षरांत आपलं खरं नाव यावं आणि ते चार लोकांनी वाचावं, एवढीच त्याची इच्छा होती. मेव्हण्यानं वाचलं तर उत्तमच.

तो योग एका विज्ञानपटानं आणला. दिग्दर्शकाचं आधीच्या संगीतकाराशी बिनसलं होतं आणि वेळ थोडा होता. चित्रपटात एक बाई अंतराळयानातून एकटीच परत येत असते. मध्यंतराच्या जरा आधी ती यानाच्या मागच्या दाराकडे वळून बघते, आणि बघतच राहते. दारात कुणी नसतं. दार उघडतही नाही. चार मिनिटं नुसतं बघणं.

"इथे काहीच घडत नाही," दिग्दर्शक म्हणाला होता. "जे घडायचं ते तुमच्याकडून घडायचं आहे."

आजवर टिंगटाँगकडून कुणी काही घडण्याची अपेक्षा केली नव्हती. घरच्यांनी तर नाहीच. तो हरखला आणि त्याच दिवसापासून त्याला काही सुचेनासं झालं. संगीताची खोली स्वयंपाकघराला लागून होती. तिथे तो सकाळपासून भिंतीला पाठ लावून बसायचा, बायको दवाखान्यातून यायची, काही झालं का विचारायची, आणि तो रुग्णासारखा मान हलवायचा.

मग एका दुपारी, घरात चिटपाखरू नसताना, त्याला तीन स्वर ऐकू आले. पहिले दोन सारखे, तिसरा किंचित खाली उतरलेला. थोडी शांतता. पुन्हा तेच. इतके पुसट की बाहेरून येतायत की कवटीच्या आतून, कळेना. मोठ्या संगीतकारांना असंच ऐकू येतं हे त्यानं वाचलेलं होतं. त्यानं श्वास रोखून ते टिपून घेतले. मग खाली आणले, आणखी खाली आणले, विहिरीच्या तळाशी नेऊन ठेवले. एकेक स्वर दोन-दोन श्वासांएवढा लांबवला, त्याला जाड तंतुवाद्यांचा गळा दिला आणि खाली एक घरघर सोडली. संध्याकाळी सगळं सलग लावून ऐकलं. उठून त्यानं बाहेरच्या दाराची कडी बघितली. कडी लागलेली होती. हा त्यानं शुभशकुन मानला.

निर्मातीणबाई शुभशकुन मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी बजावून सांगितलं होतं की आमंत्रित प्रेक्षकांसमोर तीन खेळ लावायचे. लोकांना रुचलं नाही तर दुसरा संगीतकार तयारच आहे. तसं झालं तर पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव येणार होतं, टिंगटाँगचं नाही.

पहिला खेळ एका छोट्या सभागृहात झाला. टिंगटाँग पडद्याकडे पाठ करून, बाजूच्या भिंतीशी, 'बाहेर' असं लिहिलेल्या लाल दिव्याखाली उभा राहिला. ही यंत्रांच्या धंद्यातली सवय. तिथे माणूस काय म्हणतो याला कवडीची किंमत नसते. त्याला एका खोलीत बसवतात, शेजारच्या खोलीत आवाज वाजवतात आणि तो उठतो का, एवढंच बघतात. उठला की आवाज पास.

पडद्यावर बाईनं दाराकडे वळून बघितलं. संगीत सुरू झालं. तिसऱ्या स्वराला दुसऱ्या रांगेतल्या मेव्हण्यानं खिसे चाचपले, किल्ली सापडली, तरी चाचपतच राहिला. मग एका बाईनं मान वळवून सभागृहाच्या मागच्या दाराकडे बघितलं. मग तिच्या शेजारचीनं. बघता बघता निम्म्या माना मागे वळल्या. पडद्यावरची बाई त्यांच्याकडे बघत होती आणि ते तिच्याकडे पाठ करून अंधारात काहीतरी शोधत होते.

आणि मग माणसं उठायला लागली. कंटाळलेला प्रेक्षक जांभई देतो, चिडलेला शिट्टी मारतो, हे टिंगटाँगला ठाऊक होतं. या लोकांनी ना जांभई दिली, ना शिट्टी मारली. एकमेकांच्या गुडघ्यांना माफी मागत ते रांगेतून बाहेर पडत होते, आणि लाल दिव्याच्या उजेडात त्यांचे चेहरे हॉस्पिटलमधून फोन आल्यासारखे दिसत होते.

बाहेरच्या बोळात प्रत्येकाच्या कानाला फोन होता. सगळं ठीक आहे ना. आत जाऊन बघ. नंतर नाही, आत्ता बघ. निर्मातीणबाईंनी चार-पाच जणांना थांबवून विचारलं, तर ज्यानं त्यानं तेच वाक्य सांगितलं, जणू कुणी पाठ करून घेतलं होतं. घरी काहीतरी राहिलंय. काय राहिलंय ते एकालाही सांगता येईना.

"भावजी," मेव्हणा म्हणाला. त्यानं चक्क भावजी म्हटलं याचीच टिंगटाँगला धास्ती वाटली. "एरवी तुमचं संगीत लागलं की मी बटण शोधतो. आज बटण कुठे आहे तेच कळेना." आणि तो निरोप न घेता गेला.

आत ज्यांच्यावर काही परिणाम झाला नव्हता असे मोजकेच उरले होते. दोन समीक्षक, एक वसतिगृहात राहणारा प्राध्यापक आणि स्वतः दिग्दर्शक. दिग्दर्शक जरा खट्टूच होता. त्याला काहीही वाटलं नव्हतं. तो एकटा राहायचा, तिन्ही त्रिकाळ बाहेर जेवायचा, आणि त्याच्या स्वयंपाकघरात पुस्तकं होती.

निर्मातीणबाईंचा निकाल साधा होता. लोक चित्रपटाला बसायला येतात, उठायला नाही. दुसऱ्या खेळाला हेच झालं तर संगीत बाद.

दुसऱ्या खेळाला हेच झालं. गाव दुसरं, माणसं दुसरी, उठणं तेच. या खेपेला एक आजीबाई लाल दिव्याखाली टिंगटाँगपाशी थांबल्या, त्याचा हात धरला आणि हळूच विचारलं, "बाळा, तुझ्या घरी कोण आहे आत्ता?" कुणी नाही, असं त्यानं सांगितलं. आजीबाईंनी त्याच्याकडे फार वाईट वाटल्यासारखं बघितलं आणि त्या गेल्या.

टिंगटाँगनं मनातल्या मनात पांढरी अक्षरं पुसून टाकली. पण दुसऱ्या दिवशी बातमी आली की खेळ सोडून घरी धावलेल्या एका बाईला सासरे न्हाणीघरात पडलेले सापडले. वेळेवर सापडले म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली की लोक कावळ्याचंच कौतुक करतात, फांदी किती कुजली होती हे कुणी बघत नाही. सासरे नव्वदीला टेकले होते. पण दोन दिवसांत हे संगीत संकटाची आगाऊ सूचना देतं असं गावभर झालं. टीव्हीवर एका मानसोपचारतज्ज्ञानं माणसाच्या कानातल्या आदिम भयाचा उगम सांगितला. खुर्चीवरून न हललेल्या दोन समीक्षकांपैकी एकानं 'वैश्विक बेघरपणाचा मंद्र हुंकार' असं लिहिलं, दुसऱ्यानं त्याचा प्रतिवाद केला.

निर्मातीणबाईंनी टिंगटाँगला फोन करून सांगितलं की बाद वगैरे सोडा. चार मिनिटांचं आठ करा.

त्यानं आठ केलं. त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही, पण आदल्या रात्रीच्या भातासारखा, गार आणि घट्ट. कारण त्याला आता फोन येऊ लागले होते. ज्यांना घरी जाऊन काही सापडलं ते सुटले. ज्यांना काहीच सापडलं नाही त्यांचे हाल होते. एका कुटुंबानं सगळी कपाटं रिकामी करून बघितली होती आणि आता भिंती ठोकून बघत होतं. बँकेतला एक कॅशियर काउंटर उघडा टाकून घरी जायचा, सगळ्या खोल्यांतून फिरून परत यायचा, आणि बसला की पुन्हा उठायचा. त्यानं नंबर कुठून मिळवला कोण जाणे.

"तुम्हीच वाजवलंत ना ते," कॅशियर अत्यंत सभ्यपणे म्हणाला. "मग काय राहिलंय तेवढं सांगा. मी रागावणार नाही."

टिंगटाँगनं फोन ठेवला, आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून त्याला ते तीन स्वर ऐकू आले. कुठलंही यंत्र चालू नव्हतं. दोन सारखे, तिसरा खाली. तो उठून दाराशी जाईपर्यंत सगळं शांत.

त्यानंतर ते अधूनमधून येऊ लागले. कधी दुपारी, कधी दाढी करताना. घरातही काही ठीक नव्हतं. सकाळी आणलेलं दूध संध्याकाळपर्यंत नासायचं. बायकोनं दूधवाला बदलला, दूध नासतच राहिलं. लहानपणी ऐकलेल्या गोष्टींत दूध नासणाऱ्या घरांचं पुढे काय होतं ते टिंगटाँगला आठवत होतं, आणि आपण शिकलेले आहोत हेही आठवत होतं. या दोन आठवणींचं आपसात जमेना. ते स्वर आपण रचलेच नाहीत, ते बाहेरून कुठून तरी आले आणि आपला नुसता कान वापरून सगळ्यांच्या घरात शिरले, असं त्याला वाटू लागलं. बायकोला सांगावं तर ती आधी आ करा म्हणाली असती.

तिसरा खेळ शहरातल्या सगळ्यात मोठ्या चित्रपटगृहात, रविवारी भरदुपारी. लोक मुद्दाम उठण्यासाठी आले होते, काहींनी तर शेजाऱ्यांना घरी बसवून ठेवलं होतं. बायको पहिल्यांदाच येत होती. आजवर तिला दाढांनी सवड दिली नव्हती. भिंतीशी काय उभे राहता पहारेकऱ्यासारखे, असं म्हणून तिनं त्याला शेजारी बसवलं.

दाराकडे बघणं सुरू झालं. पहिल्या चार मिनिटांत हसण्याखिदळण्याचा आवाज आला, कुणी कुणाला कोपरानं ढोसलं. मग ते थांबलं. मग वर दुमडणाऱ्या खुर्च्यांच्या बैठका आपटू लागल्या. आधी एकदोन, मग पत्र्यावर गारा पडाव्यात तशा. सबंध सभागृह उठलं होतं. कुणी ओरडत नव्हतं, तेच वाईट होतं. शेकडो माणसं अंधारात एकाच दिशेला सरकत होती, दारं दोनच होती, आणि सगळीकडून एकच पुटपुट येत होती, सरका, मला घरी जायचंय. दाराशी माणसं थिजल्यासारखी अडकली. मागचे थांबेनात. कुठेतरी एक मूल रडायला लागलं आणि मध्येच गप्प झालं.

हे थांबवायला पाहिजे, हे टिंगटाँगला कळत होतं. आणि हे लोक माझ्यासाठी उठलेत, हेही त्याला कळत होतं. तो बसून राहिला.

बायकोनं त्याचं मनगट धरलं.

"अहो, निघताना मी ते दार नीट लावलं का?"

"कुलूप मीच लावलं. दोनदा ओढून बघितलं."

"ते नव्हे हो. फ्रिजचं."

त्यानं तिच्याकडे बघितलं.

"दार जरा उघडं राहिलं की हेच तर वाजतं," ती म्हणाली. "तुम्ही त्याला फारच जाडं केलंय, पण तेच आहे. मी रोज ऐकते. तुमचा कुठे स्वयंपाकघराशी संबंध."

काखेत कळसा आणि गावाला वळसा घालून आलेल्या माणसाला कळसा दिसतो तेव्हा आधी काखेत दुखतं. त्याला सगळं एकदमच आठवलं. फ्रिजच्या कंपनीला दिलेले चाळीस नमुने. खूश होऊन कंपनीनं दिलेली सवलतीची कुपनं. त्यातल्या एकावर आपल्या घरी आलेला फ्रिज, जो त्याच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून उभा होता, आणि एकावर मेव्हण्याकडे गेलेला. आणि तो फ्रिज एवढा खपला होता की घर सोडून दुसऱ्याच्या घरी गेलं तरी तोच दिसायचा. ऊठ, घरी काहीतरी उघडं राहिलंय, एवढंच सांगण्यासाठी त्यानं तो आवाज रचला होता. माणूस उठला, आवाज पास.

तो खुर्च्यांवरून उड्या टाकत प्रोजेक्टरच्या खोलीत गेला आणि खेळ बंद करायला लावला. दिवे लागले. दाराशी एकमेकांत रुतलेली माणसं हळूहळू सुटी झाली आणि परक्याच्या घरात सापडल्यासारखी इकडेतिकडे बघू लागली. एकाचा हात मोडला होता, बऱ्याच चष्म्यांचा चुरा झाला होता. आणखी मिनिटभरानं काय झालं असतं हे ज्याला त्याला दिसत होतं.

बोळात टिंगटाँगनं दिग्दर्शकाला आणि निर्मातीणबाईंना सगळं सांगितलं. फ्रिज, दार, नमुने, काहीही हातचं न राखता. दिग्दर्शक डोळे मिटून ऐकत होता.

"उघडं राहिलेलं दार," तो म्हणाला. "बाप रे. मला हे प्रतीक सुचलंच नव्हतं."

"प्रतीक नाही. फ्रिज आहे."

"तेच म्हणतोय मी."

निर्मातीणबाई व्यवहारी होत्या, त्यांना फ्रिज ताबडतोब कळला. त्यांच्याही घरी होता. त्या म्हणाल्या की लोकांना यातलं काही सांगायची गरज नाही, आपण चित्रपटगृहांना सगळी दारं उघडी ठेवायला सांगू. तरीही तुमच्या जिवाला लागत असेल तर संगीत काढून टाका. दुसऱ्याचं तयार आहे, नावही त्याचंच जाईल. संध्याकाळपर्यंत सांगा.

बोळाच्या टोकाला बँकेतला कॅशियर उभा होता. टिंगटाँगनं त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. तो कशाचाही आग्रह न करता, फक्त वाट बघत होता. दोन शब्दांत त्याची सुटका झाली असती. तो ऐकणार आणि उद्या बँकेत सांगणार, परवा गावभर होणार, आणि मग त्या आठ मिनिटांना लोक पोट धरधरून हसणार.

टिंगटाँग त्याच्या शेजारून गेला. संध्याकाळी त्यानं निर्मातीणबाईंना संगीत राहू द्या असं कळवलं.

चित्रपट लागला. गर्दी लोटली, सगळी दारं उघडी ठेवली होती, आणि खेळागणिक माणसं मध्यंतराआधी शिस्तीत उठून, तोंडं पांढरी करून, घरोघर पांगत होती. पहिल्या दिवशीच्या खेळाला टिंगटाँग सर्वांत मागे बसला. मेव्हणा आला होता, आणि गेला होता. बायको आलीच नव्हती, तिला घरी काम होतं. शेवटी पडदा काळा झाला, 'संगीत' असा शब्द वर आला आणि त्याच्याखाली पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव. अचूक होतं, ऱ्हस्व-दीर्घासकट. सभागृहात तो होता, आणि पुढच्या रांगांखालून विसरलेल्या छत्र्या गोळा करणारा सफाईवाला, ज्याची पडद्याकडे पाठ होती.

बाहेर येऊन त्यानं बायकोला फोन लावला. आलं का नाव, असं तिनं विचारलं. आलं, तो म्हणाला. बरं झालं, ती म्हणाली, आणि तिच्याकडची बातमी सांगितली. मेकॅनिक येऊन गेला होता. फ्रिजच्या दाराचं रबर गेलं होतं, ते त्यानं बदललं. दूध त्यामुळेच नासत होतं.